उपासना झाली, गणिताचं काय?

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलीला आम्ही घरीच शिकवतो. सकाळची उपासना, बायबल वाचन यातच दहा वाजतात. गणित मागे पडतंय. टोकलं की म्हणते, "देव बघून घेईल." काय करावं?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, हे वाक्य तिनं घरातच कुठंतरी ऐकलं असणार! उपासना मोडू नका, पण उपासनेला वेळ बांधून घ्या. नऊला गणिताची वही उघडलीच पाहिजे.

मुलीला केडगावच्या पंडिता रमाबाईंबद्दल सांगा. बायबल मराठीत आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं त्या कामाला जुंपून राहिल्या. संपूर्ण भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. प्रार्थना त्यांनीही सोडली नव्हती, आणि व्याकरणही.

परीक्षेचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय किमान पाच. म्हणजे वर्षभरात ती वयानं पात्र होईल; तयारी आत्तापासूनच हवी.

आज अपूर्णांकांच्या बेरजेची तीन गणितं तिला तुमच्यासमोर सोडवू द्या. मध्ये बोलू नका. बहुतेक ती छेद समान करतानाच अडेल; उद्या तिथूनच सुरू करा.