नागपूरची पहिली भेट : एका दिवसाचे नियोजन

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांतील बहुतेक विद्यार्थ्यांचे पहिले महानगर म्हणजे नागपूर. पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी अथवा घरच्या रुग्णाला घेऊन त्यांना तेथे एकट्याने जावे लागते. त्या वेळी ते शहर परके वाटू नये, एवढाच पहिल्या भेटीचा हेतू असावा. पूर्वी एका सहलीत मी एका दिवसात सात स्थळे बसविली होती. परतल्यावर मुलांनी निबंध लिहिले ते मुख्यतः बसविषयी!

म्हणून स्थळे तीनच घ्यावीत. गडचिरोलीहून अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे, तेव्हा आदल्या सायंकाळी पोहोचून मुक्काम करावा. सोमवार टाळावा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.

सकाळी महाल भागातील जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधी द्वार, पाहावे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इ.स. १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या एकत्र करून हे नगर वसविले. पुढे चांद सुलतानाने त्यास तट बांधला. चंद्रपूरचा परकोट अद्याप उभा आहे, नागपूरचा मात्र जवळजवळ नाहीसा झाला. जटपुरा दरवाजा पाहिलेल्या मुलांना हा फरक चटकन उमगतो. आपल्या माडिया-गोंड मुलांना येथे थांबवून सांगावे, की हे शहर गोंड राजाने वसविले आहे. ही गोष्ट ऐकून वर्गात कधी न बोलणारी मुलेही प्रश्न विचारतात.

दुपारी १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, अर्थात अजब बंगला. सर्व दालने धावत पाहण्यापेक्षा प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढावे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी आत जाता येत नाही. १८१७ ची लढाई रस्त्यावरूनच सांगावी.

सायंकाळ दीक्षाभूमीसाठी राखावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. चंद्रपूरच्या सोहळ्यास आपल्या घरचे कोण गेले होते, हे मुलांनी निघण्यापूर्वी आजी-आजोबांना विचारून यावे. मग स्तूपाखाली बसून एकेकाने ते सांगावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी लाखोंचा समुदाय लोटतो. लहान मुलांची पहिली अभ्याससहल त्या दिवशी नेऊ नये, असे माझे मत आहे. काही पालकांना ते रुचणार नाही. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेले चिचोलीचे शांतिवन शहराबाहेर आहे, ते दुसऱ्या भेटीत पाहावे.

परतताना गणेशपेठ बसस्थानकावर मोठ्या मुलांनी स्वतः फलक वाचून गडचिरोलीची बस शोधावी. शिक्षकांनी मागे उभे राहावे.