कर्बोदके कमी, देखरेख अधिक

प्रश्न : कर्बोदके अत्यल्प ठेवून आणि मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला घेऊन टाइप-२ मधुमेहाची औषधे थांबवता येतात का?

उत्तर : काही रुग्णांत येतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६२ रुग्णांच्या आहारात आरंभी दिवसाला ३० ग्रॅमहून कमी कर्बोदके होती (एका मध्यम भाकरीतच एवढा वाटा संपतो), आणि वजन, रक्तशर्करा व केटोन, म्हणजे चरबीच्या ज्वलनातून तयार होणारी द्रव्ये, यांच्या नोंदी ॲपवर पाहून वैद्यकीय पथक औषधांच्या मात्रा बदलत असे. वर्षभर टिकलेल्यांचे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, ७.६ वरून ६.३ टक्क्यांवर आले. तथापि उपचारगट रुग्णांनी स्वतःच निवडला असल्याने मुळातल्या उत्साहाचा प्रभाव वगळता येत नाही. आहाराइतकेच श्रेय देखरेखीला द्यावे लागते, कारण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना भात-भाकरी एकदम सोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, तर डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळे साखर फारशी न वाढताही रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. म्हणून ताट बदलण्यापूर्वी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.