न दिसणारी झीज : खुब्याचा सांधा आणि एम.आर.आय. तपासणी

खुब्याच्या सांध्याचा विकार म्हटला की साठी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. प्रत्यक्षात या विकाराची मुळे पुष्कळदा बालपणात अथवा ऐन तारुण्यात रुजलेली असतात आणि पहिली काही वर्षे ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची चाल त्याच्या आईवडिलांना रोज दिसत नाही. ती शिक्षकांना, अधीक्षकांना आणि सोबतच्या मुलांना दिसते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्य नव्हे. म्हणून येथे औषधोपचार सांगण्याचा हेतू नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा पुरावा माणसाने कसा मिळवला आणि त्या पुराव्याचा आपल्या मुलांना काय उपयोग, एवढेच मांडावयाचे आहे.

सांध्याची रचना

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कटीच्या हाडातील खोलगट खोबणीत बसते व जवळजवळ सर्व दिशांना फिरते. या दोन्ही हाडांच्या एकमेकांस भिडणाऱ्या पृष्ठभागांवर गुळगुळीत, पांढरट कूर्चेचा थर असतो. त्याची जाडी अवघी एक ते तीन मिलिमीटर. एवढ्याशा थरावर चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो आणि तरीही निरोगी कूर्चा अनेक दशके टिकते.

तिचे सामर्थ्य तिच्या घडणीत आहे. कूर्चेचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तिला आकार देते. त्या जाळ्यात प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू अडकलेले असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो व ते पाणी धरून ठेवतात. भार पडला की पाणी थोडे बाहेर सरते, भार उठला की परत आत येते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. रक्त नाही म्हणून झीज भरून निघत नाही. मज्जातंतू नाहीत म्हणून आरंभीची झीज दुखत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध सादर केला, तेव्हाही नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही हे वैद्यांना ठाऊक होते. अडचण होती ती जिवंत माणसाच्या सांध्यात डोकावण्याची.

क्ष-किरणांची मर्यादा

ही अडचण अर्धी सुटली ती ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. काही आठवड्यांतच त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे छायाचित्र घेतले. १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरणांमुळे हाड दिसू लागले. कूर्चा मात्र दिसली नाही. क्ष-किरणांच्या चित्रात दोन हाडांमध्ये जी काळसर फट दिसते, तेथे खरे तर कूर्चा असते. ती फट अरुंद झाली की कूर्चा झिजली असा तर्क डॉक्टर करतात. तर्क बरोबर असतो, पण तो उशिरा करता येतो. घराची भिंत खचल्यावर पाया पोखरला होता हे कळावे, तसा हा प्रकार.

चुंबकाने काढलेले चित्र

पुढचा टप्पा वैद्यकातून नव्हे, भौतिकशास्त्रातून आला. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रके विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. या प्रतिसादावरून प्रतिमा कशी घडवावी, हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील निबंधात मांडले. हा निबंध आरंभी त्या नियतकालिकाने नाकारला होता. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी प्रतिमा जलद मिळवण्याचे गणित व तंत्र विकसित केले. २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले.

मॅन्सफील्ड यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते छापखान्याच्या कामाला लागले. पुढे नोकरी करीत त्यांनी राहिलेले शिक्षण पूर्ण केले व मग विद्यापीठात प्रवेश घेतला. शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटले असे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

एम.आर.आय. यंत्राचे कार्य थोडक्यात असे. शरीरातील पाण्यात हायड्रोजनची असंख्य केंद्रके असतात. रुग्णालयांत सामान्यपणे आढळणाऱ्या १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. त्या क्षेत्रात ही केंद्रके सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलतात. त्याच वारंवारतेची रेडिओ लहर सोडली की ती ऊर्जा ग्रहण करतात आणि लहर थांबवली की पूर्वस्थितीला येताना क्षीण संकेत देतात. कोणत्या ऊतीतील पाणी किती वेगाने पूर्वस्थितीला येते, यावरून संगणक चित्र रचतो. येथे क्ष-किरण नसतात. पाणी हाच या चित्राचा आधार असल्यामुळे पाण्याने भरलेली कूर्चा प्रत्यक्ष दिसू लागली.

भेग पडण्यापूर्वीची खूण

साध्या एम.आर.आय.मध्ये कूर्चेतील भेगा, खड्डे आणि खोबणीच्या काठावरील तंतुमय कडेची फाटाफूट दिसते. परंतु भेग पडण्यापूर्वीच कूर्चेची रासायनिक घडण बिघडू लागते. ती टिपण्याच्या दोन पद्धती समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिलीस ‘टी-टू मॅपिंग’ म्हणतात. निरोगी कूर्चेत पाणी कोलॅजनच्या शिस्तबद्ध जाळ्यात जखडलेले असते, त्यामुळे त्याचा संकेत लवकर विझतो. जाळे विस्कटले की पाणी मोकळे होते व संकेत अधिक काळ टिकतो. हा काळ मोजून त्याचा रंगीत नकाशा तयार करतात. दुसऱ्या पद्धतीचे नाव ‘डीजेम्रिक’. ती अमेरिकेतील बोस्टन येथे विकसित झाली. तीत ऋणभारित गॅडोलिनियम द्रव्य शिरेतून देतात, रुग्णाला थोडे चालावयास सांगतात आणि काही वेळाने चित्र घेतात. समान विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात, हा शालेय विज्ञानातील नियम येथे कामास येतो. कूर्चा निरोगी असेल तर तिचा ऋणभार त्या द्रव्याला आत येऊ देत नाही. जेथे भारित रेणू नष्ट झाले आहेत, तेथे ते द्रव्य शिरते आणि चित्रात उघडे पडते.

२००३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी जन्मतः उथळ खोबण असलेल्या खुब्यांचा या पद्धतीने अभ्यास केला. वेदना आणि व्यंगाची तीव्रता यांच्याशी डीजेम्रिकचे मोजमाप जुळले. क्ष-किरण चित्रातील फटीची रुंदी जुळली नाही. जुना पुरावा जेथे मौन होता, तेथे नवा पुरावा बोलला.

लवकर कळून काय लाभ?

नष्ट झालेली कूर्चा परत येत नसेल, तर लवकर कळून उपयोग काय, हा रास्त प्रश्न आहे. लाभ असा की, झिजेचे कारण दूर करता येते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले की, मांडीच्या हाडाचे टोक पुरेसे गोल नसेल अथवा खोबणीचा काठ पुढे आलेला असेल, तर दोन्ही हाडे एकमेकांवर आपटून तरुण वयातच कूर्चा सोलली जाते. जादा हाड शस्त्रक्रियेने कोरून काढता येते. खोबण उथळ असल्यास तिच्याभोवतीचे हाड कापून ती योग्य कोनात फिरवण्याची शस्त्रक्रियाही गान्झ यांच्याच चमूने १९८० च्या दशकात सुरू केली.

मात्र अशा शस्त्रक्रिया कूर्चा शिल्लक असेपर्यंतच फलदायी ठरतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्याच दुसऱ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे डीजेम्रिक मोजमाप खालावलेले होते, त्यांचे खुबे लवकर निकामी होण्याची शक्यता अधिक आढळली. कूर्चा संपल्यावर उरतो तो कृत्रिम सांधा. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये त्याला यशस्वी रूप दिले. साठीच्या माणसाला तो वरदान आहे. विशीतल्या तरुणाला मात्र आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याचा संभव मोठा.

पुराव्याच्या मर्यादा

कोणताही पुरावा तपासल्याविना स्वीकारू नये, हे जसे इतिहासात तसे येथेही खरे. खुबा शरीरात खोल असतो, कूर्चा पातळ व वक्र असते आणि तिचे दोन थर एकमेकांना चिकटून असतात; त्यामुळे गुडघ्यापेक्षा येथे चित्र अवघड जाते. कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करीत असतील, तर निरोगी भागही बिघडल्यासारखा दिसू शकतो. मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना गॅडोलिनियम अपायकारक ठरू शकते, आणि २०१७ पासून युरोपात त्यातील काही द्रव्यांच्या वापरावर निर्बंध आहेत. शिवाय कसलीही वेदना नसलेल्या अनेकांच्या खुब्याच्या चित्रातही फाटलेली कड दिसते. म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया ठरत नाही. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांच्या हाताची तपासणी, क्ष-किरण आणि एम.आर.आय. हे चारही साक्षीदार एकत्र उभे करावे लागतात. प्रत्येक दुखण्याला एम.आर.आय.ची गरज नसते, हेही लक्षात असावे.

आपल्या घरापर्यंत

विदर्भातील अनुसूचित जाती-जमातींच्या अनेक कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा अशा रीतीने तुटला, तर तेथील हाड मृत होऊ लागते. आरंभी वरची कूर्चा शाबूत असते. पण खालचे हाड खचले की कूर्चेचाही नाश होतो. या अवस्थेच्या आरंभी क्ष-किरण चित्र अगदी निर्दोष दिसू शकते आणि एम.आर.आय.मध्ये मात्र दोष दिसतो. सिकलसेलग्रस्त मुलाच्या जांघेतील दुखणे हे ‘नेहमीचेच’ म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी.

पालक व शिक्षकांनी आणखी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. खुब्याचे दुखणे मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंत काही समान आहेत. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा गुडघा ठीक निघाला, तर खुबा तपासून घ्यावा. लंगडत चालणे, मांडी घालून अथवा उकिडवे बसताना जांघेत कळ येणे, पाय आत वळवताना दुखणे, ही लक्षणे काही आठवडे टिकल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयाच्या मुलाला एकाएकी पायावर उभेच राहता येत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नयेत. पाय फाकवून कडेवर घेण्याची आपल्या आयाबायांची रीत खुब्याच्या वाढीस अनुकूल आहे.

शरीरात पेसमेकर अथवा धातूचा तुकडा असल्यास एम.आर.आय.पूर्वी तसे सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो, परंतु तपासणी दुखत नाही. मुलाला आधी समजावून सांगितले तर ते स्थिर पडून राहते. खर्चाच्या धाकाने तपासणी टाळू नये. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे चौकशी करावी.

मैदानात मागे राहणारे प्रत्येक मूल आळशी नसते. त्याला ‘पळ’ म्हणण्यापूर्वी ‘कुठे दुखते?’ असे विचारणे, ही एम.आर.आय.च्याही आधीची तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही, आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाला करता येते.