गावची पाण्याची विहीर आणि आपला ऊस



उसाला पाणी कधी आणि किती द्यायचे याची चर्चा आपण बांधावर रोज करतो. पण ज्या विहिरीचे पाणी घरची लेकरे पितात, तिची चौकशी कोण करतो? ‘ते ग्रामपंचायतीचे काम’ म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याच गावांत ही विहीर ओढ्याकाठी, उसाच्या फडालगतच असते. तेव्हा तिचे बरेवाईट आपल्याच हातात आहे.

पहिली गोष्ट उपशाची. जमिनीखालचे पाणी सातबारा बघून थांबत नाही. शेजारी खोल बोअर मारून मोटार रात्रंदिवस चालू ठेवली, की गावच्या विहिरीचे पाणी तिकडे ओढले जाते. म्हणूनच १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी घातली. पुढे त्याच्या जागी २००९ चा कायदा आला. पिण्याच्या पाण्याच्या विहिरींना त्यातही संरक्षण आहे.

दुसरी गोष्ट खतांची. युरियातील जे नत्र पीक उचलत नाही, त्याचे नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. ते फार वाढले आणि त्या पाण्यात कालवलेले वरचे दूध तान्ह्या बाळाला पाजले, तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, बाळ निळे पडते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. यासाठी युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या आणि खत टाकल्यावर सऱ्या तुडुंब भरू नका. उकिरडा आणि फवारणीचा पंप धुण्याची जागा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला ठेवा.

तिसरी गोष्ट टीसीएल पावडरची. ती मुठीच्या अंदाजाने टाकू नये. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये), गुणिले ७८५, म्हणजे पाणी किती लिटर ते निघते. व्यास ६ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे १ लाख १३ हजार लिटर. चांगली, ३३ टक्के क्लोरीनची पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे २८३ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळू द्या. वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. तासाभराने पाणी वापरायला घ्या. शेवटच्या घरच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे; ओटी चाचणीत पाणी पिवळसर होते की नाही ते बघा. पावडरचे झाकण उघडे राहिले तर तिचा जोर जातो, हेही ध्यानात असू द्या.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याचा नमुना तपासून घ्या, अहवाल ग्रामसभेत वाचायला लावा. प्रत्येक गावच्या सभासदांनी एवढे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ झाले.