शेवटी बोलणारीचा फायदा : किंमत ओळखण्याच्या खेळातून शक्यतेचा हिशोब

मैत्रिणींनो, बाजारात गेलं की वस्तू बघूनच आपण म्हणतो, "ही तीनशेच्या खाली मिळायची नाही." किंमत ओळखणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. अमेरिकेत याच गोष्टीवर टीव्हीचा एक खेळ चालतो. त्याचं नाव 'द प्राइस इज राइट'. 1956 साली तो पहिल्यांदा आला आणि 1972 पासून आजच्या रूपात सुरू आहे. बॉब बार्कर यांनी 2007 पर्यंत, म्हणजे तब्बल 35 वर्षं तो चालवला. या खेळातून आज आपण शक्यता मोजायला शिकू या.

खेळाचा नियम

चौघांना एक वस्तू दाखवतात. प्रत्येकाने एकामागून एक तिची किंमत सांगायची. खऱ्या किमतीच्या सगळ्यात जवळ जो असेल तो जिंकतो. पण एक अट आहे : खऱ्या किमतीच्या वर जायचं नाही. एक डॉलरने जरी वर गेलात तरी तुमची बोली बाद. चौघंही वर गेले, तर पुन्हा बोली लावायची.

आता मोजू या

समजा, कपडे धुण्याचं मशीन ठेवलंय. किंमत 501 ते 1000 डॉलरमध्ये कुठेही असू शकते, एवढंच आपल्याला माहीत आहे. म्हणजे एकूण 500 शक्यता. पहिली म्हणाली 600, दुसरी 850, तिसरी 700. चौथी तुम्ही. तुम्हाला मनातून वाटतंय, 800 असेल. काय सांगाल?

तुमच्या प्रत्येक उत्तराला किती किमती जिंकून देतील, ते मोजा :

- 800 सांगितलं, तर 800 ते 849 या 50 किमतींना तुम्ही जिंकता. म्हणजे शंभरात 10.
- 900 सांगितलं, तर 900 ते 1000 या 101 किमती. शंभरात साधारण 20.
- 1 डॉलर सांगितला, तर 501 ते 599 या 99 किमती, कारण तेव्हा बाकीच्या तिघी बाद असतात. शंभरात साधारण 20.
- 701 सांगितलं, तर 701 ते 849 या 149 किमती. शंभरात साधारण 30.
- 851 सांगितलं, तर 851 ते 1000 या 150 किमती. शंभरात 30.

बघा, मनातलं 800 सांगण्यापेक्षा 701 सांगितलं तर जिंकण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होते. कारण 700 ते 850 मधली सगळी जागा तुमच्या ताब्यात येते. आणि 851 सांगितलंत, तर 850 म्हणणारीच्या वाट्याला फक्त एकच किंमत उरते, ती म्हणजे 850!

म्हणून शेवटी बोलणारीने मधलाच आकडा घेऊ नये. आधीच्या एखाद्या बोलीच्या एकने वर जावं, किंवा सगळ्या बोली जास्त वाटत असतील तर 1 सांगावा. हे सोपं वाटतं, पण 1996 साली अर्थशास्त्रज्ञांनी या खेळातल्या बोली तपासल्या, तेव्हा शेवटी बोलणारे पुष्कळजण ही युक्ती वापरत नाहीत असं दिसलं.

मग 701 सांगायचं की 851? इथे माहिती कामाला येते. आपण सगळ्या किमती सारख्याच शक्य धरल्या. पण अशी मशीनं साडेसातशेच्या आसपास मिळतात हे तुम्हाला ठाऊक असेल, तर 701 बरं. बाजाराची माहिती आणि हिशोब, दोन्ही हवेत.

बैठकीत करून पहा

एका पिशवीत 501 ते 1000 ग्रॅममध्ये कितीही तूरडाळ भरा. चौघींनी वजन सांगायचं, वर जायचं नाही. मग काट्यावर मोजा. डाळ कमी-जास्त करून दहा वेळा खेळा, दर वेळी क्रम बदला. शेवटी बोलणारी किती वेळा जिंकली, ते वहीत लिहा.

खेळ वेगळा, लकी ड्रॉ वेगळा

टीव्हीच्या त्या खेळात बोली लावणाऱ्याचे पैसे जात नाहीत. हरला तरी हात हलवत घरी. पण गावात कुणी लकी ड्रॉची वही घेऊन आलं, तर हाच हिशोब करा. समजा, 500 जणींकडून महिन्याला 200 रुपये घेतले आणि एकीला 20,000 चा टीव्ही दिला. जमा झाले 1,00,000. तुमची शक्यता 500 मध्ये 1. तुमच्या 200 रुपयांतले सरासरी 40 रुपये बक्षिसात गेले, बाकीचे 160 कुठे गेले? इथे शेवटी बोलण्याचा फायदा नाही, बाजाराची माहितीही चालत नाही. शिवाय वर्गणी गोळा करून सोडतीने बक्षीस वाटणाऱ्या अशा योजनांवर 1978 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

तेच 200 रुपये गटात बचत केले, तर 200 च्या 200 तुमच्या नावावर राहतात, वर व्याजही मिळतं.

तेव्हा ताई, कुणी "नशीब आजमावा" म्हणालं, की आधी दोन प्रश्न विचारा : एकूण शक्यता किती, आणि त्यातल्या माझ्या किती?