ट्रॅक आठ, खोली एकच

आठ ट्रॅकचा रेकॉर्डर घरात आला की वाटतं, आता काही बिघडलं तरी ‘नंतर बघू’. आमच्या भजनाच्या रेकॉर्डिंगला हा भरवसा पहिल्याच दिवशी उडाला. दिवाणखान्यात गायक, पेटी आणि तबला शेजारीशेजारी. प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळा ट्रॅक. अंतऱ्यात बुवांचा एक शब्द अडखळला. तेवढी ओळ त्यांनी पुन्हा गायली, झकास गायली. पण ऐकायला बसलो तर नव्या ओळीमागून जुनी ओळ बारीक आवाजात अडखळतेच आहे! पेटीच्या माइकनं ती आधीच टिपून ठेवली होती. ती काढायची तर पेटीही जाणार.

म्हणून घरी एकेक वाद्य वेगळं घ्या. पहिल्या ट्रॅकवर पेटीसह कच्चं गायन करा. हा फक्त आधार. शेवटाकडे लय चढवायची असेल, तर ती इथेच चढवा. मेट्रोनोमच्या एकसुरी टिकटिकीत भजनाचा रंग चढत नाही. हा ट्रॅक हेडफोनवर ऐकत तबला भरा, मग पेटी, शेवटी खरं गायन; आणि कच्चा ट्रॅक बंद करा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो.

पेटीचे सूर पक्के असतात, तेव्हा तबला पेटीला मिळवा आणि मोबाइलवरचा तानपुराही. प्रत्येक टेकआधी तबला पुन्हा तपासा. पंखा बंद केल्यावर खोली तापते आणि तबला उतरतो-चढतो.

लेव्हल लावताना आलाप गाऊन घेऊ नका, शेवटचा गजर गाऊन घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटवर एवढी जागा सोडल्यानं काही बिघडत नाही. उलट शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, तो कुठल्याही बटणानं धड सांधता येत नाही. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर चालू आहे ना, ते पाहा. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी खातो. त्या हिशेबानं कार्डात जागा ठेवा. नवं कार्ड त्याच यंत्रात फॉरमॅट करा आणि त्या दिवसाचं काम त्याच रात्री संगणकावर उतरवा.

ट्रॅक कमी पडतील ही चिंता सोडा. १९७९ साली आलेल्या टॅस्कमच्या पोर्टास्टुडिओ १४४ मध्ये कॅसेटवर चारच ट्रॅक होते. त्याच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीननं घरी केलेली कच्ची रेकॉर्डिंग्ज १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून बाहेर आली.

तुम्हीही पहिलं गाणं चार ट्रॅकवरच पुरं करा. ते नीट जमल्याशिवाय पाचव्याला हात लावू नका.