किटपेक्षा महाग पितळ कशासाठी?

प्रश्न : मुलगा हॅनोव्हरला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन चिलखती गाडीचं मॉडेल जोडत बसतो. खोक्यात सगळे भाग असतात, तरी त्याने पितळेची जाळी, तोफेची धातूची नळी आणि वेगळी चाकं मागवली. या सामानाचं बिल मूळ किटच्या वर गेलं. याला हौस म्हणायचं की फसवणूक? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हौस तर आहेच, पण तिच्यामागे साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. अशी मॉडेलं बहुधा १:३५ या प्रमाणात असतात. म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या गाडीवर ३५ मिलिमीटर होतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं उलगडतं.

तुमच्या वर्णनावरून चिरंजीवांची गाडी म्हणजे ‘२२२’ क्रमांकाची हलकी टेहळणी गाडी असावी. चार चाकं, तीन माणसं, वीस मिलिमीटरची तोफ, सुमारे ४.८ टन वजन. तिचा सांगाडा हॉर्ख कंपनीचा होता. खरी गाडी ४.८० मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम १३७ मिलिमीटरचं, तळहाताच्या थोडं बाहेर जाणारं. तिचं चिलखत बऱ्याच ठिकाणी अवघं ८ मिलिमीटर जाड होतं. ३५ ने भागा : ०.२३ मिलिमीटर. किटचे भाग मात्र तापवून पातळ केलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबून घडवतात. भिंत फार पातळ ठेवली तर प्लॅस्टिक कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच थिजतं. म्हणून ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. परिणामी हलक्या टेहळणी गाडीच्या झाकणाची कड रणगाड्याच्या चिलखताएवढी, ३५ मिलिमीटर जाड दिसते. मडगार्डांचं तर विचारूच नका. पत्र्याचा मडगार्ड प्लॅस्टिकमध्ये फळीसारखा येतो.

२२२ मध्ये ही अडचण सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते ती बुरुजावर. तिच्या बुरुजाला छत नव्हतं. कुणी वरून हातबॉम्ब टाकू नये म्हणून तारेच्या जाळीची दोन झाकणं दोन्ही बाजूंना उघडतील अशी बसवलेली असत. जाळीतून आतली तोफ, आसनं, रंग सगळं दिसायचं. प्लॅस्टिकची जाळी कितीही बारीक केली तरी तिच्या तारा सळयांसारख्या दिसतात आणि आतलं काही नीट दिसत नाही. इथे पितळेची जाळी हा चोचला नव्हे, तिच्यावाचून मॉडेल खोटंच दिसतं.

चाकांचं आणि नळीचंही असंच आहे. वीस मिलिमीटरच्या तोफेचं भोक १:३५ मध्ये ०.५७ मिलिमीटरचं होतं. जुन्या किटमध्ये नळी दोन अर्धुकांत येते, जोड घासताना गोल नळी लंबगोल होते आणि तोंडाशी भोक हाताने पाडावं लागतं. लेथवर कातलेली धातूची नळी गोलच असते आणि भोकासकट येते. किटमधल्या रबरी टायरांवर गाडीचं वजन पडल्यासारखं दिसत नाही. रेझिनचे टायर जमिनीशी किंचित चपटे घडवलेले असतात. शिवाय काही रबरी टायरांतलं मऊपणा आणणारं रसायन वर्षानुवर्षं संपर्कात राहिलं की प्लॅस्टिकची चाकं खाऊन टाकतं, तो धोकाही टळतो.

तेव्हा फसवणूक नाही. मात्र संयम हवा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मग किट बनवणारी कंपनीच हे भाग का देत नाही? आणि प्रत्येक ठिकाणी पितळच चांगलं का? (एक वाचक, ष्टुटगार्ट)

उत्तर : कारण साच्याच्या खर्चात आहे. पोलादी साचा कोरायला भरपूर पैसा लागतो, तो वसूल व्हायला हजारो किटं खपावी लागतात. बुरुजाच्या जाळीसाठी आणि चार कड्यांसाठी तेवढं गिऱ्हाईक नसतं. पितळेचे पातळ भाग मात्र साच्याशिवाय बनतात. पत्र्यावर प्रकाशाने बदलणारा थर देतात, त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, आणि उघडी राहिलेली जागा फेरिक क्लोराइडसारखं द्रावण खाऊन टाकतं. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या बनवण्याची जुनी रीत हीच. एका बाजूनेच अर्धवट खाऊ दिलं की घडी घालायची रेघ किंवा उठाव तयार होतो. रेझिनचे भाग सिलिकॉनच्या साच्यात ओततात. तो साचा काही डझन नगांनंतर झिजतो, पण छोट्या कारखान्याला तेवढे पुरतात. म्हणून हा धंदा मोठ्या कंपन्यांच्या शेजारी छोट्या उत्पादकांनी उभा केला. जर्मनीत किटचं मोठं नाव म्हणजे ब्युंड गावातलं रेव्हेल, पण पितळेसाठी मॉडेलवाला बहुधा सीमेपलीकडे पाहतो : चेक प्रजासत्ताकातलं एडुआर्ड (स्थापना १९८९) किंवा पोलंडचं अबेर. आता काही नव्या किटमध्ये पितळेचा एक छोटा पत्रा आतच मिळतो. म्हणून मागवण्याआधी खोकं उघडून पाहावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही’. पितळेचा पत्रा ०.१५ मिलिमीटरचा धरला तरी ३५ ने गुणल्यावर पाच मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे पितळही हुबेहूब नसतंच, ते फक्त डोळ्याला पटेल इतकं पातळ असतं. जिथे वस्तूची कड उघडी दिसते तिथेच ते कामाचं : जाळी, मडगार्ड, झाकणं, सामानाच्या पेट्यांचे पट्टे. गोल वस्तू पितळेच्या पत्र्यातून कापली की ती रिबिनीसारखी चपटी दिसते. हाताने धरायच्या कड्या, हुकांच्या दांड्या, अँटेनाच्या काठ्या यांसाठी विजेच्या वायरमधली तांब्याची तार सरस, आणि ती जवळजवळ फुकट. आठ चाकी २३२ गाडीच्या डोक्यावर खाटेच्या चौकटीसारखी मोठी अँटेना असते. ती तारेने करून पाहा. आणि जे भाग मॉडेल पूर्ण झाल्यावर दिसणारच नाहीत, त्यांचं पितळ पाकिटातच राहू द्या. पाकिटात आहे म्हणून सगळं लावायचं, या हट्टापायी कित्येक मॉडेलं अर्धवट राहतात.

प्रश्न : पितळ किटच्या गोंदाने चिकटतच नाही, घडी घालताना मोडतं आणि रंग सोलून निघतो. काय चुकतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : किटचा गोंद खरं तर गोंद नाहीच, तो पॉलिस्टायरीन विरघळवणारा द्रव आहे. दोन्ही कडा वितळून एक होतात. पितळ किंवा रेझिन त्यात विरघळत नाही, मग जोड कसला बसणार? तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोअॅक्रिलेट वापरा, टाचणीच्या टोकाने, थेंबभरच. पितळ पितळाला जोडायचं असेल तर सोल्डर सगळ्यात भक्कम.

मोडण्याबद्दल : पत्रा कडक असतो. गोलाई द्यायचा भाग क्षणभर मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून गार होऊ दिला की मऊ पडतो आणि पेनाच्या नळीभोवतीही सहज वळतो. सरळ घडीसाठी तापवू नका, अर्धवट खाल्लेली रेघ आतल्या बाजूला ठेवून दोन पोलादी पट्ट्यांत दाबून एकदाच वाकवा. पुढे-मागे केलं की तुटलंच.

रंग टिकत नाही तो बोटांच्या तेलामुळे. भाग साबणाच्या पाण्याने धुवा, वाळल्यावर धातूवर धरणारा प्रायमर मारा. रेझिन घासताना मात्र हयगय नको. त्याची भुकटी फुप्फुसांना वाईट. ओल्या पॉलिशपेपरवर घासा आणि तोंडावर मास्क ठेवा.

प्रश्न : जर्मनीत घेतलेल्या खोक्यांच्या चित्रांतून नाझी स्वस्तिक काढलेलं दिसतं. मॉडेलवर ते लावलं तर गुन्हा होतो का? घरच्या देव्हाऱ्याचं काय? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी वापरणं, त्यांचा प्रसार करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण, इतिहासाचं कथन यांना सवलत आहे, पण दुकानदार कशाला वादात पडेल? म्हणून चित्रावर ते झाकतात. मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांच्या कागदावर (डिकॅलवर) एक तर ते नसतंच, किंवा तुकड्यांत येतं. विमानांच्या शेपटीवर ते चिन्ह असायचं, त्यामुळे विमानवाल्यांना हा प्रश्न जास्त छळतो. चिलखती गाड्यांवर सैन्याचा काळा-पांढरा क्रॉस असे, आणि त्यावर बंदी नाही. नाझी ध्वज आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून काही वेळा गाडीच्या पाठीवर अंथरत. तो तुमच्या मॉडेलवर नसला तर इतिहास बिघडत नाही. स्पर्धेत, प्रदर्शनात मॉडेल मांडणार असाल तर तो टाळाच.

कायद्याचा रोख नाझी चिन्हावर आहे, त्याचा संदर्भ पाहिला जातो. देव्हाऱ्यातल्या स्वस्तिकासाठी हा कायदा केलेला नाही.

नाझी काळाचं काहीच नको असेल तर युद्धोत्तर जर्मनीची ‘लुक्स’ घ्या. आठही चाकं वळणारी, पाण्यात तरंगणारी, पुढे एक आणि मागे एक चालक असलेली ही टेहळणी गाडी. १९७५ ते १९७८ या काळात ४०८ बनल्या. रेव्हेलने १:३५ मध्ये तिचं किट काढलेलं आहे.

प्रश्न : खरी जर्मन चिलखती गाडी जवळून कुठे पाहता येईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जर्मनीत असलात तर लोअर सॅक्सनीतल्या मुन्स्टरच्या रणगाडा संग्रहालयात. (वेस्टफालियातलं म्युन्स्टर वेगळं, तिकीट काढताना सांभाळा.) तुम्ही नाशिकचे, तर त्याहून सोपं : अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने ते १९९४ मध्ये उभारलं. तिथे रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीबरोबर जर्मनांची आठ चाकी जड चिलखती गाडीही उभी आहे. जर्मनीत राहणारा मराठी मॉडेलवाला सुट्टीत घरी येतो, तेव्हा त्याला ती नगरला पाहता येते.

गेलात तर तोफेपाशी फार वेळ घालवू नका, तिचे फोटो पुस्तकांत मिळतात. मडगार्डाची कड, झाकणाचं बिजागर, वेल्डिंगचे सांधे पाहा आणि त्यांची जाडी मनात ३५ ने भागा. उत्तर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आलं तर त्या भागाचं पितळ मागवा, वर आलं तर किटमधलं प्लॅस्टिकच पुरेसं आहे.